ओटीपी सांग ना, आई

मागच्या जुलैतली दुपार. लेकीचा लातूरहून फोन. "आई, तुझ्या मोबाइलवर ओटीपी आलाय, सांग ना पटकन." मी सहा आकडे वाचून दाखवले आणि मग विचारलं, "कशाचा गं?"

"कृषीचा फॉर्म भरतेय. मला नाही पुन्हा नीट द्यायची."

घ्या! दहावी झाली की गादी, बादली आणि लाडवाचा डबा घेऊन लेकराला लातूरला सोडायचं, ही आमच्या मानवतची आता रीतच झालीय. आम्हीही सोडलं. दोन वर्षं डॉक्टरकीची स्वप्नं पाहिली, रिपीटची फीसुद्धा भरली. मला राग आला. पण खरं सांगू? डॉक्टरकी हुकली याचा नाही, मला विचारलं नाही याचा.

त्यात माझं वय 47. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी थांबते. म्हणजे बघा, लेकरांची बारावी आणि आईचं हे प्रकरण काही घरांत एकदमच येतं. तिच्या बारावीसाठी आम्ही दोन वर्षं टीव्ही बंद ठेवला. मला रात्री घाम फुटून जाग येते, तर पंखा वाढवायलाही कुणी उठत नाही. मग ती सगळी तगमग फोनवर निघते. जेवलीस का, झोपलीस का, दिवसातून चारदा. मैत्रिणींनो, ही काळजी लेकीची, की आपल्या रिकाम्या दुपारीची? अठरा पूर्ण झाले की सरकार तिला मत देऊ देतं. आणि आपण? कॉलेजसुद्धा निवडू देत नाही.

परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. तिथलीच 'परभणी क्रांती' भेंडी मी कित्येक वर्षं परसात लावतेय. पण आपली पोरगी तिथं शिकू शकते, हे एकदाही डोक्यात आलं नाही. फी बुडाली म्हणून हे महिनाभर धुसफुसत होते, ते वेगळंच.

आता ती परभणीला होस्टेलवर असते. मी रात्री एकदाच फोन करते. परवा तिनंच विचारलं, "आई, झोप लागते का गं तुला?" मी सगळं सांगून टाकलं, अगदी पाळीचंसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे नवा टेबलफॅन घेऊन आले. मी काही बोलले नव्हते. लेकीनं बापाला फोन केला होता.