अली लढला नाही ती साडेतीन वर्षं

मुहम्मद अली थोर होता यावर मुष्टियुद्धाच्या वेड्यांचं चटकन एकमत होतं. तो ऐन भरात नेमका कधी होता, असं विचारलं की मात्र चहा गार व्हायला लागतो. एक गट १९६६चं ह्यूस्टन सोडायला तयार नसतो. दुसरा गट १९७४च्या किन्शासाचं नाव घेतो आणि पुढचं काही ऐकूनच घेत नाही. मनिलावाले संख्येने थोडे, पण आवाज सगळ्यांत मोठा त्यांचाच. मी ह्यूस्टनच्या आसपासचा आहे, पण खुद्द ह्यूस्टनचा नाही. त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खातो.

ह्यूस्टनवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती देखणी आहे. १४ नोव्हेंबर १९६६, अ‍ॅस्ट्रोडोममध्ये पस्तीस हजारांवर प्रेक्षक आणि समोर क्लीव्हलँड विल्यम्स. या लढतीचं चित्रण आज कुणालाही पाहता येतं, आणि पाहिलं नसेल तर जरूर पाहावं. सुरुवातीला अली फारसं काही करतोय असं वाटतच नाही. हात कमरेपाशी सोडलेले, पाय सतत फिरते, आणि विल्यम्सचा प्रत्येक ठोसा हनुवटीच्या इंचभर अलीकडे संपलेला. मान मागे घेऊन ठोसा चुकवणं ही खोड कुठलाही उस्ताद पहिल्याच आठवड्यात मोडून काढतो. मागे कललेल्या माणसाला दुसरा ठोसा चुकवायला जागाच उरत नाही, हे त्यामागचं साधं कारण. अली बिनदिक्कत मागे कलतो, आणि दुसरा ठोसा येईपर्यंत तो तिथे नसतोच. मधूनच ते प्रसिद्ध झरझर पाय, पुढचा मागे आणि मागचा पुढे. दुसऱ्या राउंडमध्ये विल्यम्स तीनदा खाली गेला, त्यात शेवटच्या वेळी घंटेने वाचला. तिसऱ्यात आणखी एकदा पडला, मग पंचांनी लढत थांबवली. हॉवर्ड कोसेल हा समालोचक अलीबरोबर जन्मभर भांडत आणि रमत आला. त्याचं मत पक्कं होतं की मुष्टियोद्धा म्हणून अली त्या रात्रीइतका मोठा पुन्हा कधी झाला नाही.

आता विल्यम्सकडे बघा. या लढतीच्या दोन वर्षं आधी, १९६४च्या नोव्हेंबरात, टेक्सासमध्ये एका पोलिसाने त्याच्यावर जवळून गोळी झाडली होती. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, एक मूत्रपिंड गेलं, गोळी कमरेच्या हाडापाशी राहिली ती राहिलीच. एके काळी सनी लिस्टनशी समोरासमोर ठोसे बदलणारा हा तगडा गडी तेहतिसाव्या वर्षी अलीसमोर उभा राहिला तो अर्धामुर्धा. अलीचं त्या रात्रीचं कसब खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण अलीचा भर सिद्ध करायला आपण जो साक्षीदार उभा करतो, तोच अधू आहे. ह्यूस्टनवाले हे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुन्हा तीच फिल्म लावतात.

म्हणून मी चार महिने पुढे सरकतो. २२ मार्च १९६७, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर झोरा फॉली. पस्तिशीचा, ऐंशीहून अधिक लढती खेळलेला, वर्षानुवर्षं आव्हानवीरांच्या यादीत वर राहूनही विजेतेपदाच्या लढतीसाठी ताटकळलेला सभ्य माणूस. फॉली चलाख होता, घाई करणारा नव्हता. पहिले तीन राउंड त्याने अलीला बऱ्यापैकी थोपवलं. अलीही घाईत नव्हता. तो बघत होता. चौथ्यात फॉली पडला, उठला. सातव्यात अलीने एक आखूड उजवा टाकला, इतका आखूड की अंगावर काय आलं हे फॉलीला कळलं नसावं, आणि लढत संपली. पुढे फॉलीने जे सांगितलं ते मला कोसेलच्या शेऱ्यापेक्षा वजनदार वाटतं. त्याचं म्हणणं असं की एकोणतीस लढतींचा हा पोरगा शंभर लढती खेळल्यासारखा वागतो, आणि त्याच्यासाठी तयारी कशी करायची हेच कुणाला सांगता येणार नाही. बोलणारा ऐंशी लढतींचा मुरलेला माणूस होता. विल्यम्ससारखी त्याच्या कमरेत गोळी नव्हती.

अली तेव्हा पंचवीस वर्षं दोन महिन्यांचा. हेवीवेटमध्ये हे वय म्हणजे अजून खांदे भरायचे असतात, ठोशात वजन यायचं असतं. फॉलीविरुद्धचा तो आखूड उजवा पाहताना असं वाटतं की हा माणूस नुसता पळणारा राहिलेला नाही, आता थांबून मारायला शिकतोय.

आणि तिथेच सगळं थांबलं. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनच्या भरतीकेंद्रात त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि व्हिएतनामच्या युद्धासाठी तो एक पाऊल पुढे टाकेना. परवाना गेला, विजेतेपद गेलं, जूनमध्ये पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलरचा दंड झाला. अपील चालू असल्याने तो तुरुंगात गेला नाही, पण रिंगमध्येही गेला नाही. पुढची लढत थेट २६ ऑक्टोबर १९७०ला, अटलांटात, जेरी क्वारीशी. साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७१च्या जूनमध्ये शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षं परत देण्याची तरतूद कुठल्याच कायद्यात नसते.

या काळात अली महाविद्यालयांतून भाषणं देत होता, ब्रॉडवेवर एका संगीतिकेत काम करत होता, आणि १९६९मध्ये तर त्याने एक अजब उद्योग केला. मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने संगणकात जुन्या-नव्या मुष्टियोद्ध्यांची माहिती भरून, प्रत्येकाला त्याच्या ऐन भरात धरून, काल्पनिक लढती लावायचा खेळ काढला होता. अली आणि रॉकी मार्सियानो यांची लढत त्याने चक्क चित्रित केली. मार्सियानो निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली, पंचेचाळीस वर्षांचा. वजन उतरवून, डोक्याला टोप चढवून तो मायामीच्या स्टुडिओत आला आणि दोघांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूचे राउंड खेळले. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांत मार्सियानो विमान अपघातात गेला. १९७०च्या जानेवारीत चित्रपटगृहांत निकाल दाखवला गेला: तेराव्या राउंडमध्ये मार्सियानोने अलीला लोळवलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. संगणकालाही प्रेक्षक बघून मत बदलावं लागतं, हे बघून मला बरं वाटलं.

पण गंमत बाजूला ठेवली तर हा प्रसंग क्रूर आहे. सत्तावीस वर्षांचा अली त्या स्टुडिओत खराखुरा उभा होता. त्याचा भर शोधायला यंत्राची गरज नव्हती, फक्त परवान्याची होती. आपण आज ज्या प्रश्नावर भांडतो, त्याचं खरं उत्तर १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांत होतं, आणि त्या वर्षांची लढतींची रिळं अस्तित्वातच नाहीत.

परत आला तो वेगळा माणूस होता. पाय दोन-तीन राउंड पूर्वीसारखे चालत, मग जड होत. मान मागे घ्यायची सवय मात्र तशीच राहिली, आणि ८ मार्च १९७१ला जो फ्रेझरच्या डाव्या हुकने तिचा हिशेब पंधराव्या राउंडमध्ये चुकता केला. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको याची फोड फार नेमकी करत: पाय गेले तेव्हा अलीचा पहिला बचाव गेला, आणि मग त्याला शोध लागला की आपल्याला मार सोसता येतो. हा शोध चांगलाही होता आणि फार वाईटही.

माझा एक मित्र कट्टर किन्शासावाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात उडवून लावण्यासारखं नाही. जॉर्ज फोरमन तेव्हा पंचवीस वर्षांचा, चाळीसपैकी चाळीस जिंकलेला, त्यातल्या सदतीस नॉकआउट. ज्या फ्रेझर आणि नॉर्टनने अलीला हरवलं, त्या दोघांना फोरमनने दोन-दोन राउंडांत झोपवलं होतं. फ्रेझर तर सहा वेळा पडला. अली बत्तिशीचा. अमेरिकेतल्या प्रक्षेपणाच्या सोयीसाठी लढत किन्शासात पहाटे चारला लावलेली. पहिल्या राउंडमध्ये अलीने फोरमनला सरळ उजव्याने सुरुवात केली, तीही पुन्हा पुन्हा. हे समजून घ्यायला हवं. उजवा हात मागे असतो, तो लांबून येतो, येताना दिसतो, आणि फेकणारा उघडा पडतो. म्हणून आधी डावा जॅब, मग उजवा, हा शिरस्ता. जगज्जेत्याला थेट उजव्याने मारणं म्हणजे त्याचा धडधडीत अपमान. फोरमनला सरावात असं कुणी मारलंच नव्हतं. मग दुसऱ्या राउंडपासून अली दोरांना टेकला, हात वर घेतले आणि फोरमनला दमेपर्यंत मारू दिलं. आठव्याच्या अखेरीस पाच-सहा ठोशांत फोरमन गोल फिरून कोसळला. मित्र विचारतो, विल्यम्सला नाचवणारा १९६६चा अली हे करू शकला असता का?

नसता. पण त्याला हे करावंच लागलं नसतं, असं मी म्हणतो. त्यावर मित्र म्हणतो, हे सिद्ध करून दाखव. इथे आमचा वाद दर वेळी अडतो.

किन्शासाची लढत थोर आहे, माझ्याही मनात ती सगळ्यांत वर आहे. पण ती थोर होण्यात कॅमेऱ्यांचा वाटा आहे. नॉर्मन मेलरने तिच्यावर पुस्तक लिहिलं, १९९६मध्ये ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ हा माहितीपट आला आणि त्याला ऑस्कर मिळालं. फॉलीवर कोण पुस्तक लिहिणार? ज्या रात्रीची गोष्ट चांगली सांगता येते, तीच रात्र आपण भराची मानतो.

माझी खरी तक्रार मात्र दुसरी आहे. किन्शासा आणि मनिला यांना भर म्हणणारा माणूस, त्याला नको असलं तरी, मार खाण्याला दाद देतो. मनिलात १ ऑक्टोबर १९७५ला चौदा राउंड झाल्यावर फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला उठू दिलं नाही. अलीची अवस्थाही बघवत नव्हती. त्यानंतर नॉर्टन, १९७७मध्ये अर्नी शेव्हर्सचे हातोडे, मग लिऑन स्पिंक्सशी दोन वेळा. शेव्हर्सनंतर पाचेको सोडून गेले, कारण कुणी ऐकेना. अलीला १९८४मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. ठोशांचा त्यात किती हात, यावर डॉक्टरांत आजही एकमत नाही. पण सोसण्याची ती ताकद म्हणजे त्याचा कळस, हे म्हणताना माझी जीभ अडखळते.

आपल्याकडे अली आला तोही या उतरणीवरच. १९८०च्या जानेवारीत दिल्लीत त्याने कौर सिंग या आपल्या लष्करातल्या हवालदाराशी प्रदर्शनी लढत खेळली. कौर सिंगने पुढे १९८२च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं. भारताच्या वाट्याला आलेला अली अडतीस वर्षांचा होता, आणि त्याच ऑक्टोबरात लॅरी होम्सने लास व्हेगसमध्ये त्याची जी गत केली ती बघायला नको. होम्स हा अलीचाच जुना सरावाचा जोडीदार. तो मारता मारता पंचांकडे बघत होता. दहा राउंडांनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी लढत थांबवली. पुढच्या वर्षी ट्रेव्हर बर्बिककडून हरल्यावर अली एकदाचा थांबला.

या दोन पराभवांवर अलीचे चाहते एका वाक्यात पडदा टाकतात: तेव्हा तो भरात नव्हता. बरोबरच आहे. पण हाच न्याय पुढच्यांना लावून बघा. माइक टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला तो १९८६मध्ये याच बर्बिकला पाडून. १९९०च्या फेब्रुवारीत टोकियोत बस्टर डग्लसने त्याला आडवं केलं तेव्हा टायसन तेवीस वर्षांचा होता, तरी टायसनवाले सांगतात की त्याचा भर त्याआधीच सरला होता. पहिल्या पराभवाच्या आदल्या दिवशी भर संपतो, हा त्यांचा ठरलेला नियम. भर होता तो १९८६ ते ८८, असं म्हणून ते यादी वाचतात, आणि त्या यादीत लॅरी होम्सचं नाव अभिमानाने असतं. टायसनने २२ जानेवारी १९८८ला अटलांटिक सिटीत होम्सला चौथ्या राउंडमध्ये संपवलं. त्या दिवशी होम्सचं वय अडतीस, म्हणजे त्याच्याकडून हरलेल्या अलीचं होतं तेवढंच. आणि त्याआधी एकवीस महिने त्याने एकही लढत खेळलेली नव्हती.