दोरीवरची लाज

कपडे धुण्यावर घराघरांत जेवढं बोललं जातं, तेवढं वाळवण्यावर बोललं जात नाही. कोणत्या पावडरने डाग निघतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कपडा अर्धवट वाळला तर धुण्याची मेहनत पाण्यात गेली, हे कोण सांगतं?

आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याही गॅलरीतली दोरी पाहा. उन्हाच्या बाजूला पुरुषांचे शर्ट, मुलांचे गणवेश, चादरी. बायकांचे आतले कपडे ओढणीखाली, टॉवेलच्या आड, नाहीतर मोरीतल्या खिळ्यावर. पाळीसाठी कापड वापरणाऱ्या बायकांचं कापड तर पलंगाखाली किंवा कपाटामागे. म्हणजे अंगाला सगळ्यात जवळचा कपडा सगळ्यात कोंदट जागी. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात असा कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो. तोच अंगावर चढवला की खाज, चट्टे, बुरशीचा त्रास. आणि तो डॉक्टरला सांगायचीही लाज!

काहीजणी याला हया म्हणतात. मला ते पटत नाही. हया माणसाच्या वागण्यात, बोलण्यात, नजरेत असते. दोरीवरच्या धुतलेल्या कापडात नसते. नमाजसाठी कपडा पाक असावा म्हणून आपण एवढे जपतो. मग त्याच कपड्याला ऊन दाखवण्यात कमीपणा कसला? कोणाला पाहायचंच असेल, तर नजर खाली घेण्याची जबाबदारी त्याची आहे.

दुसरी अडचण इमारतींची. काही सोसायट्या शोभा जाते म्हणून बाहेर दोरी बांधू देत नाहीत. मशीनने पिळल्यावरही पाच किलो कपड्यांत दोनेक लिटर पाणी उरतंच. खिडक्या बंद करून ते खोलीत वाळवलं, तर ते पाणी हवेत आणि हवेतून भिंतीत जातं. भिंतीला बुरशी धरते आणि घरातल्या दम्याच्या माणसाचा खोकला वाढतो. शोभेची किंमत ही अशी मोजावी लागते.

उपाय साधे आहेत. कपडे झटकून, चार बोटांचं अंतर ठेवून टाका. एकावर एक नकोत. रंग उडू नये म्हणून उलटे करा. ऊन नसेल तर खिडकी उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा आणि शिवणी हाताला कोरड्या लागल्याशिवाय घडी घालू नका. समोरच्यांची नजर नकोच असेल, तर चिमट्यांचा गोल हँगर आपल्याच खिडकीत, वारा लागेल असा टांगा. समोर पातळ पडदा चालेल, वर जाड टॉवेल नको. पाळीच्या कापडाला मात्र कडक ऊनच हवं. गच्ची असेल तर गच्चीवर टाका.

आणि हे काम फक्त अम्मीचं नाही. घरातल्या पुरुषांनी आपले शर्ट थोडे आत सरकवावेत. शर्ट सावलीतही वाळतो. उन्हाची जागा बायकांच्या कपड्यांना आधी मिळाली पाहिजे.