आतली गळती

"मामा, इतकी वर्षं तू नक्की करतोस तरी काय रे?" यंदा मेकॅनिकलला प्रवेश घेतलेल्या भाचीने परवा विचारलं. म्हटलं, "डब्यातली हवा काढतो!"

खरंच, माझी नोकरी एवढीच. स्टीलच्या चेंबरमधली हवा पंपांनी उपसायची, दाब वातावरणाच्या एक अब्जांशापर्यंत खाली आणायचा आणि मग ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर काचेवर चढवायचा. थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. झाला आरसा!

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी काच धरायचं एक फिक्स्चर डिझाइन केलं. स्वतःवरच खूश होतो. ते चेंबरमध्ये बसवलं आणि दाब उतरेचना. चार दिवस गेले. ओ-रिंग नीट पुसली नसेल म्हणून मी ऑपरेटरना सगळ्यांसमोर झापलं. माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ. ते निमूटपणे पुन्हा पुन्हा सगळं उघडून पुसत राहिले. लीक डिटेक्टर लावून प्रत्येक सांध्यावर हेलियम फवारला. काही नाही. शेवटी तेच म्हणाले, "साहेब, गळती बाहेरून नाही. तुमच्या स्क्रूंच्या बुडाशी हवा अडकलीय."

अगदी बरोबर! आरपार नसलेल्या भोकात स्क्रू घट्ट बसला की तळाशी हवा कोंडते आणि आट्यांमधून तासन् तास झिरपत राहते. हेलियम बाहेरून तिथे पोचणार कसा? उपाय साधा, स्क्रूलाच मधोमध बारीक आरपार भोक. तसे स्क्रू लावले आणि दाब उतरला.

रिपोर्टमध्ये मात्र मी "फिक्स्चरमध्ये किरकोळ सुधारणा केली" एवढंच लिहिलं. त्यांचं नाव नाही, माझी चूक नाही. त्यांच्या निरोप समारंभात सांगू म्हटलं, तेही राहिलं. आता ते नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ड्रॉइंगवर सही करण्याआधी प्रत्येक इंजिनिअरने सहा महिने मशीनवर काढावेत. उघडायला, पुसायला, बंद करायला. डिग्रीवाल्याने आयटीआयवाल्याचं ऐकायचं नाही, ही आपल्याकडची रीत फार महाग पडते. मशीन परदेशातून आणता येतं. त्याचा आवाज ओळखणारा माणूस तयार व्हायला वीस वर्षं लागतात, आणि तो निवृत्त झाला की ती वीस वर्षंही त्याच्याबरोबर घरी जातात.

भाचीला म्हटलं, ये एकदा शॉपवर. पण आधी ऑपरेटरना भेट, मग मला.