शिवारातील मुलांचे रक्षण

पेण तालुक्यातील हमरापूर हे गाव गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्या परिसरातील मुख्य पीक भाताचेच. आषाढात लावणी सुरू झाली, की अशा गावांत लहानथोर सारेच चिखलात उतरतात. शाळा सुटल्यावर मुलाने आईच्या हाती रोपांच्या मुठी नेऊन द्याव्या, यात वावगे काही नाही. त्यातून त्याला श्रमाची गोडी लागते. परंतु तेच मूल शाळा बुडवून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला गेले, म्हणजे ती बालमजुरी होते.

शेतातील काम कारखान्यातील कामाइतके धोक्याचे नसते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. विळ्याची धार, बांधातील सर्प, मळणीयंत्राचा फिरता पट्टा यांना लहानमोठे कळत नाही. कीटकनाशकांचा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जे विष धट्ट्याकट्ट्या माणसांना सोसले नाही, ते कोवळ्या देहाला कसे सोसावे?

बालमजुरीविषयीचा १९८६ चा कायदा २०१६ साली सुधारण्यात आला. चौदा वर्षांखालील मुलास मजुरीवर ठेवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या बिनधोक कामात हातभार लावण्याची तेवढी मोकळीक आहे. मात्र कारखान्याला फाटक असते, हजेरीपट असतो. शेताला यांपैकी काहीच नसते. ‘घरचेच मूल आहे’ एवढे म्हटले, की चौकशी तेथेच थांबते.

म्हणून नियम अधिक कडक व स्पष्ट हवेत. अठरा वर्षांखालील कोणाच्याही हाती फवारणीचा पंप वा मळणीयंत्र देऊ नये. दिल्यास शेतमालकास जबाबदार धरावे. लावणी-कापणीच्या दिवसांत शाळेत कोणती मुले गैरहजर आहेत, हे पाहून त्यांची विचारपूस करावी. शेताला हजेरीपट नसला, तरी शाळेला तो असतोच.

मुलाची मजुरी बुडाली तर गरिबाची चूल कशी पेटेल, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु मुले स्वस्तात राबतात, तेथे मोठ्यांची मजुरीही वाढत नाही. आईबापांच्या कष्टांचे पुरे दाम त्यांना मिळाले, तर मुलांना राबावे लागणार नाही.

कोवळे रोप शेतकरी लावणीला काढीत नाही. ते पुरते वाढेपर्यंत थांबतो. मुलांच्या बाबतीत समाजाने तेवढा धीर तरी धरावा.