गोळ्या कमी, डोकं जास्त: 'प्रे'वर झालेला अन्याय

"नवीन काही निघतच नाही राव, सगळे गेम सारखेच." हे म्हणणारी मंडळी प्रत्येक ऑफिसात असतात. आणि गंमत म्हणजे हीच मंडळी दर वर्षी तोच युद्धाचा गेम, फक्त पुढचा आकडा लावलेला, पूर्ण किमतीला घेतात. त्यांना माझा एकच प्रश्न: २०१७ चा 'प्रे' खेळलात का? उत्तर ठरलेलं. "प्रे? तो जुनाच ना?"

खरी गोची इथेच आहे. २००६ मध्ये 'प्रे' नावाचा एक गेम आला होता. त्याचा दुसरा भाग २०११ मध्ये जाहीर झाला आणि २०१४ मध्ये रद्द झाला. मग बेथेस्डाने तेच नाव अर्केन ऑस्टिनच्या संपूर्ण वेगळ्या गेमला चिकटवलं. कथा, पात्रं, जग, कशाचाही संबंध नाही! दिग्दर्शक राफाएल कोलान्तोनियो यांनी नंतर मुलाखतीत सरळ सांगितलं की हे नाव त्यांना नकोच होतं. आपण एखाद्या फंक्शनला असं दिशाभूल करणारं नाव दिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतील. इथे मात्र मार्केटिंग म्हणून खपून गेलं. म्हणजे खपलंच नाही म्हणा.

दुसरा आरोप असा की शूटर म्हणून हा गेम कमजोर आहे. सुरुवातीला गोळ्या पुरत नाहीत, शत्रू लवकर मरत नाहीत वगैरे. अहो, बुद्धिबळात मारामारी कमी म्हणून कोणी तक्रार करतं का? चंद्राभोवती फिरणाऱ्या 'टॅलोस १' या अंतराळस्थानकावर तुम्ही मॉर्गन यू म्हणून अडकलेले असता. मिमिक नावाचे परग्रही प्राणी कपाचं, खुर्चीचं रूप घेऊन बसलेले असतात. हातात एक पाना, आणि ग्लू कॅनन नावाची फेस फेकणारी बंदूक. त्या फेसाने शत्रू गोठतो, आग विझते, पेटलेली गॅसगळती बंद होते, आणि भिंतीवर त्याचे गोळे मारत गेलं की वर चढायला जिनाही होतो.

दार बंद आहे? किल्ली शोधा, नाहीतर हॅक करा. तेही नको असेल तर फटीतून खेळण्यातल्या धनुष्याचा फोमचा बाण आतल्या टचस्क्रीनवर मारा, दार उघडतं. किंवा मिमिकची शक्ती घेऊन स्वतःच कप व्हा आणि फटीतून घरंगळत आत जा. पण अशा परग्रही शक्ती जास्त घेतल्या की स्थानकाच्या स्वयंचलित तोफा तुम्हालाच शत्रू समजून गोळ्या झाडतात. नियम सगळ्यांना सारखे, तुम्हालाही. सिस्टीम डिझाइन म्हणतात ते हे. आपण दिवसभर ज्याच्या नावाने मीटिंगा घेतो, तेच.

दोष नाहीत असं नाही. उत्तरार्धात त्याच त्या जागी फार हेलपाटे आहेत. शत्रू बरेचसे काळ्या धुरासारखेच दिसतात. सुरुवातीला पीसीवर सेव्ह फाइल खराब करणारा बग होता. त्यापायी आयजीएनने १० पैकी ४ गुण दिले आणि पॅच आल्यावर ८ केले. पण पहिला आकडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

"आवड आपली आपली, एवढं काय त्यात?" असं कोणी म्हणेल. तर काय ते ऐका. गेम चालला नाही की पुढच्या वेळी धोका पत्करायला कोणी धजत नाही. याच स्टुडिओने २०२३ मध्ये 'रेडफॉल' हा ऑनलाइन लुटालुटीचा गेम काढला आणि तो सपाटून आपटला. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अर्केन ऑस्टिनला टाळं लावण्याची घोषणा केली. खेळणाऱ्याला अक्कल आहे असं गृहीत धरून गेम बनवणारी एक टीमच गेली. त्या टाळ्याला कंपनीचे हिशेब जबाबदार आहेतच, पण "सगळे सारखेच" म्हणत तेच ते विकत घेणारे आपणही आहोत.

असो. सेलमध्ये 'प्रे' एका पिझ्झाहून स्वस्तात मिळतो. एक वीकेंड काढा. शेवट कोणाकडून ऐकू नका, यूट्यूबवर तर मुळीच बघू नका. आणि गोळ्या संपल्या की बंद करू नका. गेम खरा तिथेच सुरू होतो.