सरासरीत न मावणारा कोयता



बांगलादेश म्हटले की आपल्याकडे हल्ली एकच शब्द पुढे येतो : घुसखोर. तिथल्या बाया कशा जगतात, काय कमावतात, त्यांच्या मुली शाळेत किती टिकतात, याची चौकशी करावी असे फारसे कुणाला वाटत नाही. मला ती करावीशी वाटली, कारण दोन देशांच्या राहणीमानाची तुलना आपल्याकडे नेहमी अमेरिका नाहीतर चीनशी होते. त्या तुलनेत केज तालुका कुठेच दिसत नाही.

देशाची प्रगती नुसत्या उत्पन्नावर मोजू नये, आयुर्मान आणि शिक्षणही धरावे, असे म्हणत महबूब उल हक यांनी १९९० मध्ये मानव विकास अहवाल सुरू केला. अमर्त्य सेन त्यांच्यासोबत होते. याच सेन यांनी ज्याँ द्रेझ यांच्याबरोबर २०१३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात भारत-बांगलादेश तुलना मांडली. १९९० मध्ये बांगलादेशी माणसाचे सरासरी आयुष्य आपल्याहून कमी होते. २०११ पर्यंत ते ६९ वर्षांवर गेले, आपले ६५. आणि तेव्हा दरडोई उत्पन्न आपले त्यांच्या दुप्पट होते!

हे कसे झाले? पैशाने नाही, हे उघड आहे. १९८० ते ९० या दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ पाण्यात घालून जुलाब झालेल्या लेकराला कसे पाजायचे हे एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना शिकवले. १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतील मुलींना देशभर विद्यावेतन मिळू लागले. अटी तीन : हजेरी, गुण आणि लग्न न होणे. पुढे लाखो मुली कपड्यांच्या कारखान्यांत गेल्या. तिथले शोषण मी झाकणार नाही. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळली तेव्हा ११३४ जीव गेले, त्यांत बहुसंख्य बायाच. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले असूनही त्यांना कामावर बोलावले होते. तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. तिथे प्रत्येक बाईच्या नावावर तिची स्वतःची मजुरी निघते.

गटाच्या एका बैठकीत मी हे सांगत होते, तर मागून एकीने विचारले, “ताई, त्यांना उचल असती का?” सगळ्या हसल्या. पण तुलनेचा खरा प्रश्न तिनेच विचारला होता. आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हाती, हिशेब होतो तो त्याच्याशी. ती पहाटे उठते, भाकरी थापते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. तिची मजुरी किती, असे विचारले तर उत्तर नाही, कारण तसा आकडा कागदावर नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही कोयत्यालाच मिळाली. खाडा झाला तर मात्र दंड कुणामुळे बसला हे बरोबर ठरवले जाते. पाळीचे दिवस, अंगावरून जाणे, पोटदुखी, सगळे खाड्यातच मोजले जाते.

म्हणून ‘पिशवी’ काढली जाते. २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींत एक. देशात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, आणि संसर्गावर उपाय म्हणून ऑपरेशन! तेही बहुतेक खासगी दवाखान्यात, पुन्हा उचल घेऊन.

बालविवाहाचे आकडे पाहा. बांगलादेशात २०१९ च्या पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या ५१ टक्के बायांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. विद्यावेतन देऊनही! आपल्या देशात हेच प्रमाण २३ टक्के (२०१९–२१). आपण पुढे आहोत असे कुणी म्हणेल. पण त्याच पाहणीत बीड जिल्हा ४३.७ टक्क्यांवर आहे. देशाच्या तक्त्यात आपण भारतात, मुलींच्या लग्नाच्या तक्त्यात बांगलादेशच्या शेजारी. आईबाप सहा महिने कारखान्यावर, वयात आलेली पोर गावात एकटी कशी ठेवायची, या भीतीपोटी लग्ने लागतात. लागली की नवा कोयता तयार.

आणि एका बाबतीत तर आपण त्यांच्या शेजारीही उभे राहू शकत नाही. हुंडा तिथेही आहे. त्यांचा पहिला बंदी कायदा १९८० चा, आपला १९६१ चा. तरी तिथले मुलगे-मुलींचे जन्मप्रमाण निसर्गाच्या जवळ राहिले. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. त्या दहा वर्षांत रस्ते झाले, मोबाईल आले, सोनोग्राफीची यंत्रेही आली. याला राहणीमान सुधारले म्हणायचे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दसऱ्याच्या सुमारास मुकादम गावात फिरू लागतात. त्याआधी केज तालुक्यातल्या गटांनी तीन गोष्टी लावून धराव्यात असे माझे म्हणणे आहे. उचलीच्या कागदावर बाईचे नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहिली जावी. फडाजवळ पाणी आणि आडोसा देण्याची जबाबदारी कारखान्याकडून लेखी घ्यावी. आणि कोणत्या घरातली मुलगी हंगामी वसतिगृहात राहणार, याची यादी ग्रामसभेत वाचली जावी. बैठकीचा दिवस गटांनी आपसात ठरवून कळवावा; अर्जाचे नमुने मी घेऊन येईन.