कंडेन्सर भेटत नाही म्हणे!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'धारित्र' हा शब्द माझ्या कानावर पडला तो थेट इंजिनिअरिंगला आल्यावर. मग बाजारात गेल्यावर कळलं की तिथेही हा शब्द कुणी वापरत नाही! आपण वर्गात कपॅसिटर म्हणतो आणि दुकानात त्याचं नाव कंडेन्सर. आजचा विषय या कंडेन्सरचाच आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात, वसमत म्हणा, कळमनुरी म्हणा की औंढा, जुन्या घरांत अजूनही कपाटावर एखादा मर्फी, फिलिप्स किंवा बुशचा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडतो. एके काळी त्यासाठी पोस्टात लायसन्स फी भरावी लागायची. छताखाली जाळीची एरियल ताणलेली असायची. वीज नव्हती तिथे ड्राय बॅटरीवर चालणारे सेट असत. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, तेव्हा ती ऐकायला अशाच सेटभोवती माणसं जमायची. आज हा रेडिओ दुरुस्तीला नेला की एकच उत्तर मिळतं, "कंडेन्सर भेटत नाही आता. शोकेसमध्ये ठेवून द्या."

मला हे उत्तर पटत नाही. कंडेन्सर मिळतो, आणि आपल्याच गावात मिळतो. कमी आहे ती कुठल्या जागी कुठला बसवायचा हे ओळखणाऱ्या माणसाची.

आधी रेडिओत काय बिघडतं ते बघू. त्यात मुख्यतः दोन प्रकारचे कंडेन्सर खराब होतात. पहिला इलेक्ट्रोलिटिक. तो रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करतो. वर्षं गेली की आतलं द्रावण सुकतं, ऑक्साइडचा थर बिघडतो आणि स्पीकरमधून गाण्याऐवजी घुंऽऽ असा आवाज येतो. दुसरा मेण लावलेल्या कागदाचा. कागद ओल शोषतो आणि कंडेन्सर लीक होतो. गंमत म्हणजे हा मीटरवर चांगला दिसू शकतो, कारण मल्टिमीटर त्याला जेमतेम काही व्होल्टवर तपासतो आणि सेटमध्ये त्याच्यावर शे-दोनशे व्होल्ट असतात.

ही लीक किरकोळ नसते. समजा कपलिंग कंडेन्सरच्या एका बाजूला १०० व्होल्ट आहेत. त्याचा लीकेज रेझिस्टन्स १० मेगोहम आहे आणि पुढच्या ग्रिडला १ मेगोहमचा रेझिस्टर आहे. व्होल्टेज डिव्हायडरचं गणित करा (फर्स्ट इयरलाच आहे!), ग्रिडवर सुमारे ९ व्होल्ट येतात. ईएल८४ सारख्या आउटपुट व्हॉल्व्हला तिथे उणे ७ व्होल्टच्या आसपास बायस हवा असतो. म्हणजे बायस पुसला जातो, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. चहाच्या किमतीचा कंडेन्सर बदलला नाही म्हणून न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जातो!

आता बाजाराचं बघू. जुन्या सेटवर ०.०५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं आणि आज मिळतो ०.०४७. कागदी कंडेन्सरची टॉलरन्स इतकी ढिली असायची की हा फरक तिथे चालून जातो. तसंच ०.०२ ला ०.०२२, ०.००५ ला ०.००४७. कागदाच्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिस्टर फिल्म कंडेन्सर बसवा, काम झालं. असे फिल्म कंडेन्सर तर आपल्याच राज्यात, नाशिकला टीडीकेच्या (पूर्वीच्या एपकॉसच्या) कारखान्यात बनतात. इलेक्ट्रोलिटिकमध्ये ८ ला १०, १६ ला २२, ३२ ला ३३. ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे असतात, कारण एलईडी टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्येही तेच लागतात.

तेही नसेल तर मोटारपंपाचं दुकान आहेच ना! पंपाचा, कूलरचा, वॉशिंग मशीनचा रनिंगचा कंडेन्सर फिल्मचा असतो आणि ४४० व्होल्ट एसी सतत सोसतो. म्हणजे ६२० व्होल्टचं पीक. रेडिओतले अडीच-तीनशे व्होल्ट डीसी त्याला जड नाहीत. आकार मोठा असतो, पण १० मायक्रोफॅरडचा फिल्टरला चालतो. फक्त स्टार्टिंगचा कंडेन्सर चुकूनही घेऊ नका. तो काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो.

यावर दोन गैरसमज ऐकायला मिळतात. एक, "ओरिजिनलच पाहिजे." अहो, पन्नास वर्षं गोदामात पडलेला कागदी कंडेन्सर नवा कसा? तोही आतून म्हाताराच. दिसायला जुनं हवं असेल तर जुन्या नळीतलं मेण काढून आत नवा बसवावा. दोन, "मोठा टाकला की भारी." हेही नाही. ईझेड८० सारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हपुढे पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही. १०० टाकाल तर व्हॉल्व्हला मुकाल.

काही जण म्हणतील, मोबाईलच्या जमान्यात हा उद्योग कशाला? गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे कितीतरी मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झाले, हे खरंच आहे. पण बहुतेक व्हॉल्व्ह सेटना मागे ग्रामोफोनचं सॉकेट असतं. सेट ट्रान्सफॉर्मरचा असेल तर तिथे मोबाईल जोडून आजोबांची गाणी त्यांच्याच स्पीकरवर ऐकता येतात. (एसी-डीसी सेटची चेसिसच मेन्सला जोडलेली असते. तिथे हा प्रयोग नको!) आजकाल आतलं सगळं उपटून ब्लूटूथ बसवतात किंवा सेट भंगारात देतात. सागवानी डबा राहतो, रेडिओ मरतो.

मग करायचं काय? आपल्या लॅबमध्ये व्हेरिअ‍ॅक आहे, सीआरओ आहे, एलसीआर मीटर आहे. प्रॅक्टिकल संपलं की त्यांच्यावर धूळ बसते. महिन्यातला एक शनिवार लॅब गावासाठी उघडावी. ६३० व्होल्टचे पाच आणि ४५० व्होल्टचे चार, एवढ्या नऊ व्हॅल्यूंचे कंडेन्सर भरून ठेवले तर बहुतेक सेटचं भागेल. आणि बाजारातल्या एखाद्या जुन्या मेकॅनिक काकांना मानाने बोलवावं. नुसत्या आवाजावरून फॉल्ट ओळखणं, सिरीज बल्ब लावून सेट हळूच चालू करणं, बंद केलेल्या सेटचा कंडेन्सरही रेझिस्टर लावून डिस्चार्ज केल्याशिवाय हात न लावणं, हे आपल्याला कुठल्याच सिलॅबसमध्ये शिकवलेलं नाही. ती पिढी आता थकत चालली आहे. तिचं ज्ञान वहीत उतरवायला फार वर्षं उरलेली नाहीत.

मित्रांनो, कॅम्पसला जाऊन आपण 'आय अ‍ॅम अ‍ॅन इंजिनिअर' म्हणतो. पण दुकानदार "हा नंबर नाही" म्हणाला की आपण परत फिरतो. हा नाही तर कुठला चालेल, हे ज्याला सांगता येतं त्याला मी इंजिनिअर म्हणेन. पुढच्या वेळी कुणी "भेटत नाही" म्हणालं, तर आधी सर्किट काढून बघा. मग मोटारपंपाच्या दुकानात एक चक्कर मारा!